गाठीच्या आधी येणारी कमजोरी

कर्करोगाची गाठ ज्या अवयवात वाढते तेथे त्रास देते, किंवा रक्तावाटे दुसरीकडे पोहोचून तेथे त्रास देते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती खरीही ठरते. मात्र थोड्या रुग्णांत गाठ फुप्फुसात, स्तनात किंवा बीजांडकोशात लपलेली असताना पहिली तक्रार हातापायांत, डोळ्यांच्या पापण्यांत किंवा तोल सांभाळण्यात उमटते, आणि त्या जागी गाठीची एकही पेशी पोहोचलेली नसते. तेथे पोहोचलेली असते ती रुग्णाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती, जी गाठीशी लढता लढता मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर उलटलेली असते. वैद्यकात या विकारांना ‘पॅरानिओप्लास्टिक’, म्हणजे कर्करोगानुषंगी विकार, म्हणतात. शंभर कर्करुग्णांत एखाद्यालाच ते होत असतील, तरी ज्याला होतात त्याच्या बाबतीत ते अनेकदा गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधी येतात, आणि म्हणूनच ते ओळखणे उपयोगाचे असते.

हे घडते कसे, हे समजल्यावर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. काही गाठींच्या पेशी अशी प्रथिने तयार करतात जी निरोगी शरीरात केवळ मेंदूत, मज्जातंतूंत किंवा मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर असतात. प्रतिकारयंत्रणेला ही प्रथिने भलत्या ठिकाणी दिसली की ती त्यांना परकी ठरवते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट लक्ष्याला चिकटणारी रक्तातील प्रथिने, तयार करते आणि मारक लसिकापेशीही सज्ज करते. हल्ला गाठीवर असतो, पण तेच लक्ष्य मज्जातंतूतही असल्याने तोही त्यात सापडतो. गाठ कित्येकदा अगदी लहान आणि एका जागी रोखलेली आढळते, याचे एक कारण हेच मानले जाते की प्रतिकारशक्तीने तिला दाबून धरलेले असते. लक्ष्य पेशीच्या पृष्ठभागावर असेल तर प्रतिपिंडे तेथे चिकटून काम बिघडवतात, पण पेशी जिवंत राहते आणि प्रतिपिंडे हटवली की बरीच सुधारणा होऊ शकते. लक्ष्य पेशीच्या आत असेल तर मात्र मारक लसिकापेशी मज्जापेशीच नष्ट करतात, आणि मेलेली मज्जापेशी परत येत नाही. पहिल्या प्रकारात उशीर झाला तर रुग्णाचे हाल वाढतात, दुसऱ्यात गेलेली शक्ती कायमची जाते.

१९४८ मध्ये डेनी-ब्राऊन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाबरोबर येणाऱ्या संवेदना-लोपाचे वर्णन केले, १९५६ मध्ये अमेरिकेत ईटन आणि लॅम्बर्ट यांनी अशाच रुग्णांतील स्नायूंच्या एका वेगळ्या कमजोरीची विद्युत् खूण दाखवली, आणि १९८० च्या दशकात या विकारांमागची प्रतिपिंडे एकेक करून सापडू लागली. मुंबईच्या वाचकाला यापेक्षा जवळचा संदर्भ परळचा आहे. १९२६ मध्ये सुरू झालेले महापालिकेचे केईएम रुग्णालय आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे असलेले टाटा स्मारक रुग्णालय एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. केईएमशी संलग्न असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले, आणि त्यांनी पुढे कर्करोगावर आणि मज्जातंतू पोखरणाऱ्या कुष्ठरोगावर अशा दोन्ही विषयांवर काम केले. एका माणसाच्या अभ्यासात गाठ आणि मज्जातंतू असे शेजारी नांदले, परंतु रुग्णाच्या बाबतीत ते सहसा दोन वेगवेगळ्या ओपीडीत, दोन वेगवेगळ्या केसपेपरांवर विखुरलेले असतात. या विकारांचे निदान लांबण्यामागे विज्ञानातील अडचणी आहेतच, पण त्यांच्याइतकाच वाटा या विखुरलेल्या कागदांचाही आहे.

गिरगावात, लालबागमध्ये किंवा दादरला राहणाऱ्या माणसाला ही कमजोरी कशी जाणवेल, हे रोजच्या हालचालींतून पाहणे सोपे जाते. ईटन आणि लॅम्बर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मज्जातंतूकडून स्नायूला निरोप देणारे रसायन पुरेसे सुटत नाही, कारण ते सोडायला लावणाऱ्या कॅल्शियमच्या वाटांवर प्रतिपिंडे बसलेली असतात. मांड्या आणि कंबर आधी दगा देतात, त्यामुळे पाटावरून किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना भिंतीचा आधार लागतो, चाळीचा जिना चढताना कठड्याला हाताने ओढून घ्यावे लागते, आणि परळ स्थानकाचा पूल पूर्वी एका दमात चढणारा माणूस मध्ये दोनदा थांबतो. त्याच्या जोडीला तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि पुरुषांत लैंगिक दुर्बलता ही लक्षणे असतात, आणि शेवटचे लक्षण तर घरातही कुणी बोलून दाखवत नाही, मग डॉक्टरांना कशी कळणार! वैशिष्ट्य असे की काही सेकंद मूठ जोरात आवळून धरली तर शक्ती क्षणभर वाढते. या विकाराच्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत कर्करोग सापडतो, आणि तो बहुधा फुप्फुसाचा, लहान पेशींचा, तंबाखूच्या धुराशी घट्ट बांधलेला असतो. गिरणगावात वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या निवृत्त कामगाराचा खोकला गिरणीतल्या कापसाच्या धुळीवर आणि पायांचा थकवा वयावर ढकलला जातो. दोन्ही कारणे काही वेळा खरीही असतात, पण खोकला आणि थकवा एकत्र आले आणि थकवा काही आठवड्यांत वाढला तर छातीचा सीटी स्कॅन मागण्याइतका हा संशय सबळ असतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात चित्र उलटे दिसते. सकाळी माणूस ठीक असतो आणि संध्याकाळपर्यंत पापणी खाली येते, एका लोकलच्या दोन लोकल दिसतात, जेवताना जबडा दमतो, बोलणे नाकात जाते. या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणांत छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीची गाठ असते, म्हणून या विकाराचे निदान झालेल्या प्रत्येकाच्या छातीचा स्कॅन होणे अपेक्षित आहे. डर्मॅटोमायोसायटिस हा त्वचा आणि स्नायू यांचा दाह. त्यात केस विंचरायला हात वर जात नाही, साडीचा पदर खांद्यावर टाकताना दंड भरून येतो, पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर उंचवटलेले, खवलेदार चट्टे येतात. परदेशी पुस्तकांतली छायाचित्रे गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या त्वचेवर हीच छटा नुसती काळवंडल्यासारखी दिसते आणि उन्हाने रापले असे समजून महिनोन्महिने मलमे लावली जातात. प्रौढ वयात हा विकार झाल्यास कर्करोगाची शक्यता पहिल्या तीन वर्षांत, विशेषतः पहिल्या वर्षात, सर्वाधिक असते.

सर्वांत क्रूर प्रकार संवेदनेच्या मज्जापेशींचा आहे. पाठीच्या कण्यालगत असलेल्या या पेशी नष्ट झाल्या की आपला हात किंवा पाय कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. चप्पल पायातून निसटते आणि पुढे चार पावले गेल्यावर ध्यानात येते, जमीन कापसाची वाटते, रात्री दिवा नसलेल्या गॅलरीतून सार्वजनिक शौचालयाकडे जाताना तोल जातो, सदऱ्याचे बटण लावायला डोळे लागतात. शक्ती शाबूत असूनही हात निकामी होतो, हे घरच्यांना पटत नाही आणि रुग्णावर आळसाचा आरोप होतो. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाबरोबर लहान मेंदूवर होणारा हल्लाही असाच वेगवान असतो. काही आठवड्यांत बोलणे अडखळते आणि चाल झिंगल्यासारखी होते, आणि दारूला कधी स्पर्शही न केलेल्या बाईकडे शेजारी संशयाने पाहू लागतात.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे: हातापायांना येणाऱ्या बहुसंख्य मुंग्यांचा कर्करोगाशी काहीही संबंध नसतो. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी काटेकोर शाकाहारी घरांत बरीच आढळते, मान किंवा कंबर येथे दबलेली नस, मद्य आणि कुष्ठरोग ही कारणे कितीतरी अधिक वेळा सापडतात आणि त्यांचा तपास आधी झाला पाहिजे. फरक ओळखण्याची खूण वेगात आणि आकारात आहे. मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखाच सुरू होतो आणि वर्षांच्या हिशेबाने वर सरकतो. कर्करोगानुषंगी त्रास आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो, एका बाजूला अधिक असू शकतो, पायांआधी हातांत किंवा चेहऱ्यावर येऊ शकतो आणि त्यात आग होण्याइतक्या वेदना असतात. त्याला विनाकारण घटलेल्या वजनाची किंवा भूक गेल्याची जोड मिळाली तर नुसते टॉनिक घेणे आणि सलाइन लावून येणे थांबवून न्यूरॉलॉजीच्या ओपीडीचा केसपेपर काढावा. ‘वात आहे’ हे उत्तर रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही सोयीचे असते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

मुंबईत आणखी एक गुंता आहे तो क्षयरोगाचा. छातीच्या एक्स-रेवर सावली दिसली की या शहरात आधी क्षय आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे; परंतु थुंकीत किंवा तुकडा तपासणीत पुरावा न मिळताच उपचार सुरू झाले तर फुप्फुसाच्या गाठीला काही महिने मोकळे मिळतात. त्यातच क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाने ब-६ जीवनसत्त्व घटून हातापायांत मुंग्या येतात, त्यामुळे कर्करोगानुषंगी त्रासही औषधाच्या माथी मारला जातो. ब-६ची गोळी घेत असूनही मुंग्या वाढत असतील, किंवा त्या औषध सुरू होण्याच्या आधीपासून असतील, तर मुंग्या सुरू झाल्याची तारीख डॉक्टरांना मुद्दाम सांगावी. कर्करोगावरची औषधेही हाच गोंधळ करतात. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, सिस्प्लॅटिन, ऑक्झालिप्लॅटिन आणि बोर्टेझोमिब यांनी मज्जातंतू दुखावतात, आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडने मांड्या कमजोर होतात. म्हणून मुंग्या पहिल्या केमोच्या आधी आल्या की नंतर, हा साधा प्रश्न पुष्कळ महागड्या तपासण्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

तपासण्यांचा क्रम सर्वसाधारणपणे असा असतो की आधी मज्जातंतूंतून वीजप्रवाह किती वेगाने जातो आणि स्नायूंत सुई घातल्यावर कोणते संकेत मिळतात ते पाहिले जाते, मायस्थेनिया किंवा लॅम्बर्ट-ईटन विकाराचा संशय असल्यास मज्जातंतूला पुन्हा पुन्हा उत्तेजना देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला जातो, आणि मग रक्तातील, गरज पडल्यास पाठीतून काढलेल्या पाण्यातील, प्रतिपिंडांचा संच तपासला जातो. या संचाच्या निकालाला देववाणी मानू नये. संच निर्दोष आला तरी विकार असू शकतो, आणि चाचणीत एखाद्या प्रतिपिंडाची फिकट पट्टी उमटली म्हणजे विकार आहेच असेही नाही. लक्षणांशी न जुळणारा निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्यावा लागतो. लक्षणे नसताना ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ट्यूमर मार्कर करून घेण्याने केवळ झोप उडते. गाठ शोधताना साधा एक्स-रे पुरत नाही. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, स्त्रियांत स्तनांची आणि बीजांडकोशांची तपासणी, तरुण पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी आणि शेवटी पेट-सीटी असा शोध विकाराच्या प्रकारानुसार आखला जातो. पहिल्या फेरीत काही सापडले नाही तरी जोखीम जास्त असलेल्या प्रकारांत दर ४ ते ६ महिन्यांनी, २ वर्षांपर्यंत, शोध पुन्हा घ्यावा असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे २०२१ चे निकष सांगतात. नेमका येथेच धागा तुटतो, कारण ‘स्कॅन नॉर्मल’ हे शब्द ऐकल्यावर पुढची तारीख कुणी घेत नाही.

उपचाराचा पाया गाठ काढणे किंवा जाळणे हाच आहे, कारण चिथावणी तिथून येते. त्याच्या बरोबरीने, कधी आधीच, प्रतिकारशक्तीला आवर घालण्यासाठी स्टिरॉइड, शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणे किंवा रिटुक्सिमॅबसारखी औषधे वापरली जातात. पृष्ठभागावरच्या लक्ष्याच्या विकारांत यांचा लाभ ठळक दिसतो. पेशीच्या आतल्या लक्ष्याच्या विकारांत घसरण थांबली तरी उपचार यशस्वी मानला जातो, आणि ही अपेक्षा डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली तर कुटुंबाची धावपळ आणि कर्ज दोन्ही कमी होतात. लिम्फोमाचा संशय असताना तुकडा तपासणीआधीच स्टिरॉइड दिले तर गाठ तात्पुरती विरघळून निदान हुकू शकते, म्हणून ‘आधी तुकडा घ्यायचा आहे का’ असे विचारणे रुग्णाच्या नातेवाइकाचा आगाऊपणा नव्हे. लॅम्बर्ट-ईटन विकारात अमिफॅम्प्रिडिन आणि मायस्थेनियात पायरिडोस्टिग्मिन ही औषधे निरोप पोहोचवण्याचे काम सुधारतात.

मायस्थेनिया किंवा लॅम्बर्ट-ईटन विकार असलेल्याने नाक्यावरच्या केमिस्टकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेणे धोक्याचे आहे. जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अझिथ्रोमायसिन, मलेरियावरचे क्लोरोक्विन, मॅग्नेशियमचे इंजेक्शन आणि रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या यांनी कमजोरी एकाएकी वाढू शकते. अशी औषधे आधीपासून चालू असतील तर ती परस्पर बंद करू नयेत, पण विकाराचे नाव प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालाही, सांगावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला तर लेखी द्यावे, कारण भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरली जाणारी औषधे या रुग्णांत फार काळ टिकतात.

अलीकडे हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. प्रतिकारशक्तीचे लगाम सोडून तिला गाठीवर सोडणारी निव्होलुमॅबसारखी औषधे महागडी असल्याने थोड्यांनाच परवडत असत; टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके आणि मान यांच्या प्रगत कर्करोगात दर ३ आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या मानाने फारच अल्प, निव्होलुमॅब तोंडावाटेच्या औषधांना जोडून दिले आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. यामुळे ही औषधे अधिक घरांत पोहोचतील, ही स्वागताचीच गोष्ट आहे, पण लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती क्वचित स्नायूंवर, पापण्यांवर आणि हृदयाच्या स्नायूवर एकाच वेळी उलटते आणि असे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. उपचार सुरू असताना पापणी खाली आली, मान उचलेनाशी झाली, गिळताना पाणी नाकातून परत आले किंवा आडवे झाल्यावर श्वास पुरेनासा झाला, तर पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. तीच घाई कर्करुग्णाला पाठदुखीबरोबर पायांची शक्ती जाऊ लागली किंवा लघवी अडली तर करावी. त्यावेळी बहुधा कण्यात पसरलेली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असते, आणि अशा वेळी काही तासांचा फरकही निर्णायक ठरतो.

लहान मुलांत कर्करोगानुषंगी विकार क्वचित, पण लक्षात राहणाऱ्या रूपात येतो. एक ते तीन वर्षांचे चालते मूल अचानक झोकांड्या देऊ लागते, डोळे चारी दिशांना नाचतात, अंगाला झटके बसतात आणि स्वभाव चिडका होतो. दृष्ट काढण्यात दिवस घालवण्यापेक्षा डोळ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मुलाला परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवावे, कारण अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांत पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ सापडते.

व्हिडिओची युक्ती मोठ्यांच्याही कामाची आहे. ओपीडीत सकाळी दहाला पापणी उघडी असते, म्हणून रात्रीचे छायाचित्र जवळ ठेवावे. त्याबरोबर एका कागदावर पहिले लक्षण कोणत्या महिन्यात आले, नंतर काय वाढले, वजन किती घटले, विडी, सिगारेट किंवा मिश्री किती वर्षे, आणि आजवर कोणती औषधे घेतली हे तारखांसह लिहावे, व त्याची एक प्रत न्यूरॉलॉजीच्या केसपेपरात आणि दुसरी कर्करोगाच्या फाइलीत लावावी. दोन रुग्णालयांतील डॉक्टर एकमेकांना फोन करतीलच असे नाही, पण कागद बोलतो. खर्चाच्या बाबतीत इम्युनोग्लोब्युलिनसारख्या उपचाराला होकार देण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन जावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यातला कोणता भाग बसतो ते आधी विचारावे. कोकणातून किंवा खानदेशातून आलेल्यांना राहण्यासाठी परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा येथे चौकशी करता येते.

घरी परतल्यावर संवेदना गेलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नये आणि आंघोळीचे पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण भाजलेले कळत नाही. रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासावेत, मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, गॅलरीत आणि शौचालयाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवावा. गिळायला त्रास असेल तर पाणी, ताक यांसारखे पातळ पदार्थच अधिक ठसका आणतात, त्यामुळे मऊ भात, दाट वरण किंवा मऊसर सांजा, तोही ताठ बसून, हनुवटी किंचित खाली करून, लहान घासांनी द्यावा. मायस्थेनियाच्या रुग्णाला गोळीचा परिणाम चढलेला असताना, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, जेवायला बसवावे, आणि जिन्याची कामे दिवसाच्या पूर्वार्धातच उरकून घ्यावीत.